सुटलेला कान, गळकी तोटी

गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत मराठी घरातला धातू किमान दोनदा बदलला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात स्वयंपाकघरात तांबं-पितळ होतं आणि बाकी घरभर पत्रा. मग ॲल्युमिनियमने हातपाय पसरले. पुढे स्टेनलेस स्टीलने मांडण्या भरून टाकल्या. धातू बदलला तशी तो जोडायची रीत बदलली, जोडणारा माणूस बदलला, आणि मोडलेली वस्तू नीट करायची की मोडीत घालायची हा हिशेबही बदलला. दुरुस्तीची सवय सुटली याचं खापर आपण सुबत्तेवर आणि आळसावर फोडतो. त्यात तथ्य आहेच. पण या काळातल्या जोडांकडे नीट पाहिलं तर दिसतं, की वस्तू मुळात कशी जोडली गेली, तिथेच तिच्या दुरुस्तीचा अर्धाअधिक निकाल लागलेला असतो.

सुरुवात बंबापासून करू. तांब्याचा बंब म्हणजे त्या काळच्या घरातलं अवघड यंत्र. मधोमध निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी आणि खाली तोटी. मोठे सांधे पितळी झाळीचे. तांबं वितळतं 1085 अंश सेल्सिअसला. तांबं आणि जस्त निम्मं-निम्मं मिसळलं तर ते मिश्रण त्याच्या सुमारे दोनशे अंश आधीच पातळ होतं. या दोनशे अंशांत तांबटाचं सगळं कसब. टाकणखार टाकून कडा तापवायच्या, झाळ वाहू लागली की पत्र्याला धक्का लागायच्या आत हात आवरायचा. जुनं तांब्या-पितळेचं भांडं पालथं घालून पाहिलं तर पुष्कळदा बुडाशी दातेरी रेघ दिसते. पत्र्याच्या कडांना दाते पाडून, ते एकमेकांत अडकवून, ठोकून मग झाळलेला तो सांधा. हे काम पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीसारख्या ठिकाणचं. घरी होण्यातलं नव्हे.

घराच्या अंगणात होई ते डाखाचं काम. डाख म्हणजे कथील आणि शिसं. एकटं कथील 232 अंशांना वितळतं, एकटं शिसं 327 अंशांना. पण 63 भाग कथलात 37 भाग शिसं मिसळलं की मिश्रण 183 अंशांनाच पातळ होतं. एवढी उष्णता कोळशाच्या शेगडीत सहज मिळते. म्हणून दारावर येणारा कारागीर भाता, शेगडी, नवसागराचा खडा आणि तांब्याचं टोक बसवलेली लोखंडी सळई एवढ्या सामानावर अख्ख्या आळीची भांडी सांभाळायचा. "मामा, तोटी गळतेय, बघा जरा," म्हणत बंब बाहेर आणला जायचा आणि पोरंटोरं भोवती कोंडाळं करायची.

काम होतंही बघण्यासारखं. सळईचं टोक निखाऱ्यात असे. ज्वाळेला हिरवट झाक आली की टोक तापलं असं समजायचं. ते नवसागरावर घासलं की पांढरा धूर उठायचा. तापलेल्या नवसागरातून सुटणारं आम्ल तांब्यावरचा काळा थर खाऊन टाकतं आणि खालच्या लख्ख धातूवर कथील पसरतं. गळकी जागा आधीच कानशीने घासून ठेवलेली असे. पत्र्यासाठी औषध वेगळं: तेजाबात जस्ताचे तुकडे विरवून केलेलं पाणी काडीने लावायचं. मग टोक टेकवून थांबायचं. नवशिक्या डाख वितळवून वरून थेंब टाकतो. तो थेंब टिकलीसारखा वरच्यावर चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी नखाने निघतो. जाणता माणूस आधी पत्रा तापवतो. पत्रा पुरेसा तापला की डाख आपणहून फटीत ओढला जातो. त्यानंतर जोड निवेपर्यंत भांडं हलवायचं नाही.

डाखाच्या मर्यादाही घराला पाठ होत्या. बंबात पाणी आहे तोवर तोटीचा सांधा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, म्हणून 183 अंशांना वितळणारा डाख तिथे टिकतो. पाणी न भरता बंब पेटवला तर तोटी सुटून हातात यायची. दुसरी मर्यादा जास्त गंभीर, ती शिशाची. ताकाची कढी, चिंचेचं सार असे आंबट पदार्थ धातूतलं शिसं ओढून घेतात आणि ते चवीवरून कळत नाही. म्हणून भांड्याच्या आतून डाख लावू नये, आणि कल्हईला निव्वळ कथीलच हवं. कथील महाग आणि शिसं स्वस्त, तेव्हा भेसळीचा मोह कायमचाच.

पत्र्याच्या वस्तूंना मात्र डाखाने दीर्घायुष्य दिलं. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील, रॉकेलचं नरसाळं, 1937 मध्ये बाजारात आलेल्या डालड्याचे रिकामे डबे, पितळी स्टोची टाकी, सगळ्यांवर तोच इलाज. डालड्याच्या डब्याला कडी आणि झाकण बसलं की तो पिठाचा डबा होऊन पुढची कित्येक वर्षं फळीवर बसायचा. रॉकेलची टाकी डाखायच्या आधी गरम पाण्याने खळखळून धुवायची, हा नियम तेव्हा होता आणि आजही आहे. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत वाफ उरलेली असते आणि भडका तीच घेते.

ॲल्युमिनियम आलं आणि डाखवाल्याचे हात बांधले गेले. हा धातू 660 अंशांना वितळतो, पण त्याच्या अंगावर हवेशी संयोग होऊन तयार होणारा पातळ थर 2000 अंशांनंतरच वितळतो. घासून काढला तर क्षणात पुन्हा धरतो. नवसागराची मात्रा त्यावर चालत नाही. तेव्हा उष्णतेची वाट बंद झाली आणि हातोडीची उघडली. पातेल्याचा कान निघाला की रिपीट मारायचं. रिपीट आतून घालायचं, बाहेर त्याच्या जाडीच्या साधारण दीडपट टोक राहील एवढं ठेवून उरलेलं कापायचं, आतलं डोकं लोखंडी बत्त्यावर टेकवायचं आणि गोल डोक्याच्या हातोडीने बाहेरचं टोक कडेकडेने ठोकत पसरवायचं. सरळ मधोमध घाव घातला तर रिपीट भोकातच वाकतं आणि कान हलत राहतो. हे घरच्या घरी जमण्यासारखं होतं आणि अनेक घरांत जमलंही.

प्रेशर कुकरने तर जोडाच्या कच्चेपणाचाच उपयोग करून घेतला. हॉकिन्स कंपनी मुंबईत 1959 मध्ये सुरू झाली. तेव्हापासून घरोघर गेलेल्या कुकरांच्या झाकणावर एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्यात लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूची गुळी असते. पाणी आटून कुकर प्रमाणाबाहेर तापला की गुळी वितळते आणि वाफ बाहेर पडते. बंबाच्या तोटीत जो दोष, तोच इथे रखवालदार. म्हणूनच तिथे घरचा डाख भरणं म्हणजे घात. नवा व्हॉल्व्हच बसवायला हवा. आणि तो मिळतो, हेही महत्त्वाचं. दांडा, रिंग, शिट्टी, व्हॉल्व्ह हे सगळे भाग सुटे आणि स्क्रूने बसणारे असल्यामुळे कुकर आजही गल्लीतल्या दुकानात नीट होतो.

याच सुमारास दुरुस्ती करणारा माणूस बदलत होता. 1950 पासून सरकारी कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआयची मुलं तयार होऊ लागली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिक इथल्या कारखान्यांत फिटर, टर्नर, वेल्डर यांची पिढी उभी राहिली. फिटरचे पहिले धडे लोखंडाचा तुकडा कानशीने सपाट आणि काटकोनात आणायचे. हात त्यातच बसतो. हे हात रविवारी घरी असत. त्यामुळे हॅक्सॉ, कानस, नाशिकला बनणारी टपारियाची पकड, थोडे नटबोल्ट अशी पेटी माळ्यावर आली. सायकलचं कॅरियर, खुर्चीचा पाय, खिडकीची बिजागरी हे घरचं काम झालं. घरी न जमणारं नाक्यावरच्या ग्रिलवाल्याकडे जायचं. त्याचं तेलात बसवलेलं जड वेल्डिंग मशीन हलवायला दोन माणसं लागत.

डाखाने मात्र दुसऱ्या दाराने घरात पुन्हा प्रवेश केला. ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळात पंचवीस वॅटचा सोल्डरिंग आयर्न हौशी पोरांच्या हाती आला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली हे त्यांचे बाजार. तत्त्व अंगणातल्या सळईचंच होतं, आधी तार तापवा आणि मग डाख लावा. फक्त नवसागराच्या जागी राळ आली, कारण आम्लाचा अंश उरला तर तो नाजूक तारा हळूहळू खातो. 2006 मध्ये युरोपने विजेच्या वस्तूंतल्या शिशावर निर्बंध आणले आणि बाजारात बिनशिशाचा डाख आला. तो साधारण 217 अंशांना वितळतो. जुन्या सवयीच्या हाताला तो जरा अडेल वाटतो, आणि चांगला बसलेला जोडही पूर्वीसारखा चमकत नाही.

स्टेनलेस स्टीलने मोठा घाव घातला तो न मोडून. त्याला कल्हई नको, ते गळत नाही, सहज पोचत नाही. त्याचे कान बहुतेक वेळा स्पॉट वेल्डिंगने बसवलेले असतात. दोन पत्रे दाबून क्षणभर प्रचंड वीज सोडायची की ते एका ठिपक्यावर एकजीव होतात. असा ठिपका सुटला तर घरी पुन्हा धरत नाही, आणि साध्या डाखाचं औषध स्टीलवर लागू पडत नाही. मग पातेलं मोडीत जातं किंवा जुन्या कपड्यांसोबत बोहारणीपुढे घासाघीस होऊन नवं येतं. कल्हईवाल्याची हाक विरळ झाली त्याच्या मुळाशी हे आहे.

उष्णतेने सोडलेली जागा मग डिंकांनी घेतली. स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने 1946 मध्ये बाजारात आणलेलं अराल्डाइट, पुढे एम-सील आणि झटपट चिकटवणारी थेंबाची ट्यूब हे सगळे कपाटाच्या खणात जाऊन बसले. एम-सील 2000 मध्ये पिडिलाइटकडे आलं, आणि अराल्डाइटचा इथला धंदा 2020 मध्ये. एम-सीलच्या दोन गोळ्या रंग एकसारखा होईपर्यंत मळायच्या. अराल्डाइटच्या दोन ट्यूब सारख्या मापाने मिसळायच्या, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडून घ्यायचे आणि रात्रभर हात लावायचा नाही. बहुतेकांचा जोड फसतो तो खरवडणं टाळल्यामुळे. डिंकाला पसरायला जागा हवी. सरळ ओढ तो सोसतो, पण कडेने सोललं की हार मानतो. आणि विस्तवाजवळ त्याचं काही चालत नाही. चहाच्या किटलीचा कान अराल्डाइटने बसवण्यात अर्थ नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत चक्र थोडं उलटं फिरलं आहे. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन खांद्याला अडकवून नेण्याएवढं हलकं झालं, आणि अडीच मिलिमीटरचा रॉड घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवरही चालू शकतो. पॉप रिव्हेटची पकड कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. मागून हात पोचत नाही तिथे भोक पाडून रिपीट घालायचं आणि दांडा दाबायचा, बस. व्हिडिओ पाहून शिकणारे पुष्कळ आहेत. ॲल्युमिनियमसाठी जस्ताच्या मिश्रणाची कांडी मिळते. तीही जादूची नव्हे. धातू तापवून, वितळलेल्या कांडीखाली स्टीलच्या ब्रशने खरवडून तो हट्टी थर फोडावाच लागतो. धोकेही घरात आले. काळी काच न लावता नुसतं वेल्डिंग पाहिलं तरी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपवर वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला तर ताप भरतो. हे काम उघड्यावरच करायचं, आणि मुलामा आधी घासून काढायचा.

म्हणजे हत्यारं पूर्वीपेक्षा चांगली आहेत, शिकायची सोय आहे आणि हौसही आहे. अडतं ते वस्तूपाशी. मिक्सरचं बूड, मोबाइलची पाठ, इस्त्रीचा दांडा कुठे डिंकाने बंद, कुठे प्लॅस्टिकच्या अशा खाचांनी की उघडताना तुटाव्यात. केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वर्षअखेरीस एक पोर्टलही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं हे त्याचे विषय. कायद्याचं जे व्हायचं ते होईल. तोवर गिऱ्हाइकाच्या हाती एक उपाय आहे. दुकानात वस्तू पालथी करून पाहायची. स्क्रू दिसला तर ती उघडेल, रिपीट दिसलं तर छिलून नवं मारता येईल, डाख असेल तर वितळेल. काहीच दिसलं नाही तर दुकानदाराला विचारायचं, "ही उघडते कशी?" त्याला सांगता आलं नाही, तर किमतीत तेवढी घट धरून सौदा करावा.