सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल, सिंगापूर

सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल, सिंगापूर : सिंगापूरमधील अँग्लिकन पंथाचे प्रमुख प्रार्थनामंदिर. शहराच्या मध्यभागी, नॉर्थ ब्रिज रोडलगतच्या विस्तीर्ण हिरवळीवर ते उभे आहे. चर्चसाठी ही जागा सर स्टॅमफर्ड रॅफल्स याने १८२३ मध्ये निवडली. स्कॉटिश व्यापाऱ्यांनी बांधकामास देणग्या दिल्यामुळे स्कॉटलंडचा संरक्षक संत अँड्र्यू याचे नाव चर्चला मिळाले.

पहिली वास्तू जॉर्ज कोलमन याच्या आराखड्यानुसार १८३६ च्या सुमारास उभी राहिली. तिच्यावर नंतर मनोरा चढविण्यात आला. तथापि १८४५ व १८४९ मध्ये तिच्यावर वीज कोसळली. असुरक्षित ठरल्याने ती १८५२ मध्ये बंद करण्यात आली व पुढे पाडण्यात आली. पॉल रिव्हिअर ह्या अमेरिकन देशभक्ताच्या कन्येने १८४३ मध्ये तिला दिलेली घंटा आता सिंगापूरच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ही घंटा रोज रात्री आठ वाजता पाच मिनिटे वाजविली जावी, अशी दातीची अट होती.

विद्यमान वास्तूचा आराखडा कर्नल रोनाल्ड मॅक्‌फर्सन याने इंग्लिश गॉथिक शैलीत तयार केला. कोनशिला १८५६ मध्ये बसविली गेली आणि १८६२ मध्ये कलकत्त्याचे बिशप कॉटन यांच्या हस्ते वास्तूचे पवित्रीकरण झाले. मूळ योजनेतील जड मनोरा पायाला पेलणार नाही असे दिसून आल्याने त्याऐवजी हलका निमुळता शिखर-मनोरा बांधला. त्याची उंची सु. ६३ मी. आहे. कॅथीड्रलचा दर्जा तिला १८७० मध्ये लाभला.

हे सर्व बांधकाम भारतातून काळ्या पाण्याच्या शिक्षेवर पाठविलेल्या कैद्यांनी केले. सिंगापूरला असे कैदी मद्रास व बंगालप्रमाणेच मुंबई इलाख्यातूनही जात. भिंतींचा शुभ्र, गुळगुळीत गिलावा हा त्यांच्या कसबाचा खरा नमुना होय. वाळूविरहित शिंपल्यांचा चुना, अंड्यातील पांढरा बलक व जाडी साखर एकत्र कुटून त्यात नारळाची सोडणे भिजविलेले पाणी मिसळीत. हा मद्रासी पद्धतीचा लेप वाळल्यावर गुळगुळीत दगडांनी घोटून, शंखजिऱ्याची पूड लावून चकाकी आणीत. कैद्यांवरील अधिकारी मेजर मॅक्‌नेअर याने १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही कृती नोंदविली. वेदीमागील तीन चित्रकाच-गवाक्षे मात्र रॅफल्स, क्रॉफर्ड व बटरवर्थ ह्या प्रशासकांना अर्पण केलेली आहेत. कैद्यांची वसाहत १८७३ मध्ये मोडण्यात आली.

फेब्रुवारी १९४२ मध्ये, सिंगापूरच्या पाडावापूर्वी, कॅथीड्रलमध्ये तातडीचे रुग्णालय चालविण्यात आले. १९७३ मध्ये ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली. आवारात मॅक्‌फर्सनचा स्मृतिस्तंभ आहे. वाढत्या उपासकवर्गासाठी अधिक जागा हवी होती, पण जुन्या वास्तूचे दर्शन झाकले जाऊ नये म्हणून २००५ मध्ये नवे प्रार्थनागृह हिरवळीखाली, भूमिगत बांधण्यात आले. सिटी हॉल हे भुयारी रेल्वेस्थानक लगतच आहे.