कुत्रं घरात घेतलं, आता दिवाण कसा वाचवायचा?

एसटीत बसलं की घाटात रेंज जाते आणि भाग अर्धवट राहतो, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. विषय साधा आहे: पिल्लू घरातलं फर्निचर कुरतडतं, त्याला कसं थांबवायचं?

यावर व्हिडिओ पोत्याने सापडतील, पण बहुतेक शहरातल्या फ्लॅटवाल्यांसाठी. आंबेगाव-जुन्नरकडचा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्याकडे कुत्रं म्हणजे अंगणातलं, राखणीचं. ते घरात यायला लागलं बिबट्यामुळे. दाराबाहेर ऊस, उसात बिबट्या, आणि त्याला सगळ्यात सोपी शिकार कुत्र्याची. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. वजनाच्या हिशेबाने त्याच्या खाण्यात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या तिथे कुत्र्यांच्या कितीतरी पट, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात, कुत्री मोकळी असतात.

आता बघा, पिल्लाने दिवाणाचा पाय खाल्ला की घरातलं कुणीतरी वैतागून म्हणतंच, "बांधा त्याला गोठ्यापाशी!" मोकळं कुत्रं निदान पळेल तरी, साखळीतलं कुठे पळणार? म्हणून फर्निचर न कुरतडायला शिकवणं हा आमच्याकडे नुसता शिस्तीचा विषय नाही. पिल्लू रात्री आत झोपणार की बाहेर, हे त्यावर ठरतं.

आमच्या पिल्लाचं नाव वाघ्या. (आमच्याकडे बिबट्यालाही सगळे वाघच म्हणतात, त्यामुळे फोनवर बोलताना फार गोंधळ होतो.) पाच महिन्यांचा असताना त्याने दिवाणाचा पाय, आजीची चप्पल आणि माझा चार्जर, सगळं चाखून पाहिलं. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. बग नेमका कधी येतो हे बघितल्याशिवाय कोडला हात लावायचा नाही, ही सवय. म्हणून आठ दिवस फोनमध्ये नोंद ठेवली: किती वाजता, काय कुरतडलं, त्याआधी काय चाललं होतं. जवळपास सगळ्या नोंदी संध्याकाळी सात ते नऊमधल्या निघाल्या. दिवसभर शेतात उंडारणारं पिल्लू दिवेलागणीला एकदम चार भिंतींत कोंडलं जायचं, आणि घरातले सगळे मोबाईलमध्ये.

मग उजेड असेपर्यंतच त्याला दमवायला सुरुवात केली. नुसतं पळवून नाही, हुंगायला लावून. भाकरीचे बारीक तुकडे गवतात विखरायचे आणि शोधायला सोडायचं. वीस मिनिटं नाक चाललं की पिल्लू चांगलं थकतं.

दुसरं कारण दात. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात, त्यामुळे ते काहीतरी चावणारच. आपण फक्त काय चावायचं ते ठरवू शकतो. ओला सुती फडका गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवा आणि आपण समोर असताना द्या. थंड गाजर चालतं, जाड रबरी खेळणं चालतं. वस्तू फार कडक आहे का, हे बघायला अंगठ्याचं नख दाबा. खूण उमटली नाही तर दात तुटायची भीती. शिजवलेलं हाड नको, त्याचे टोकदार तुकडे होतात. उसाचं कांडकं नको, चोथा गिळला तर पोटात अडकू शकतो. आणि द्राक्षं तर अजिबात नकोत. नारायणगावच्या पट्ट्यात ती घरोघरी असतात, पण कुत्र्याची किडनी त्याने निकामी होऊ शकते. कांदाही विषारी. जुनी चप्पलही खेळायला देऊ नका, जुनी-नवी हा फरक त्याला कळत नाही.

दिवाणाच्या पायाला दुकानात मिळणारा कडू स्प्रे लावता येतो, पण शेजारी चघळायची वस्तू नसेल तर ते दिवाण सोडून टीपॉय धरेल. मिरचीपूड लावायची आयडिया कुणी दिली तर ऐकू नका. ती डोळ्यांत जाते. वायरी मात्र उचलूनच ठेवा. शॉक लागायची वाट बघत शिकवत बसायची ती गोष्ट नाही.

मारण्याचं काय? सकाळी कुरतडलेला पाय दाखवून संध्याकाळी रट्टा दिला, तर पिल्लाला एवढंच कळतं की हा माणूस अचानक मारतो. "पण तोंड कसं पाडतं, चूक कळते त्याला!" असं सगळेच म्हणतात. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली हेच तपासलं. कुत्र्याने खाऊ चोरला असो वा नसो, मालक रागावला की ते अपराधी तोंड दिसतंच. ती आपल्या रागाची प्रतिक्रिया असते, कबुली नव्हे.

त्यापेक्षा सौदा करा. तोंडात चप्पल असली की मागे पळू नका, त्याला तो खेळ वाटतो. नाकापाशी उकडलेल्या अंड्याचा तुकडा धरा, चप्पल सुटली की त्याच क्षणी "सोड" म्हणा, तुकडा द्या आणि चघळायची वस्तू पुढे करा. रोज पाच-सात वेळा. घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच वापरायचा. आमच्याकडे आजी "टाक" म्हणायची, वडील "ए, सोड" आणि मी "ड्रॉप". वाघ्या तिघांकडे आळीपाळीने बघायचा. शेवटी आजीचं "टाक" कायम झालं. वाघ्याचा सगळ्यात जास्त वेळ तिच्याजवळच जातो.

एक गोष्ट वेगळी ओळखा. पिल्लू फक्त दाराची चौकट कुरतडत असेल, लाळ गाळत असेल, रडत असेल, तर ते कंटाळ्याने नाही, भीतीने. एकटं ठेवलं म्हणून असेल तर आधी एक मिनिट, मग पाच, असं हळूहळू सवयीचं करा. आमच्या शेजारचा ऊस तुटला त्या आठवड्यात वाघ्याने रात्री दार ओरबाडलं. बाहेर कशाचा वास आला ते तोच जाणे. त्याचं अंथरूण दारापासून हलवून आतल्या खोलीत, आजीच्या कॉटखाली टाकलं, तेव्हा शांत झोपला. कॉट लोखंडी आहे, हाही एक फायदा.

तुमच्या पिल्लाने काय काय खाल्लंय ते व्हॉइस नोटवर पाठवा, पण वय आणि वेळ नक्की सांगा.