न दुखणारी गाठ : स्तनांचे विकार आणि आपल्या भगिनी

२०१९ साली बीड जिल्ह्याचे नाव देशभर गाजले ते गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांमुळे. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानुसार, पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. “पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल” ही भीती त्यांतील अनेकींना घालण्यात आली होती. स्तनांच्या विकारांबाबत मात्र नेमके उलटे घडते. जी गाठ त्वरित दाखवायला हवी, ती बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच ती लपवली जाते.

भगिनींनी प्रथम हे ध्यानात घ्यावे की स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमध्ये आढळणारी फायब्रोअॅडेनोमा ही गाठ गुळगुळीत असून बोटांखालून निसटते. पाळीपूर्वी स्तन जड होणे, दुखणे, चाचपताना गाठीगाठी जाणवणे हा हार्मोन्सच्या चढउताराचा परिणाम असतो व पाळीनंतर तो ओसरतो. चाळिशीच्या आसपास पाण्याने भरलेल्या गाठी होतात. अंगावर पाजणाऱ्या मातेला स्तनात लाली, ताप व ठणका असेल तर ती बहुधा जंतुबाधा असते. अशा वेळी पाजणे थांबवू नये, कारण दूध तुंबल्याने गळू होण्याचा धोका वाढतो. औषध मात्र डॉक्टरांकडूनच घ्यावे.

कर्करोगाची गाठ सहसा कठीण, ओबडधोबड व सुरुवातीस वेदनारहित असते. त्वचेला खळी पडणे, ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, काखेत गाठ लागणे ही लक्षणे दिसताच विलंब करू नये. (हा आजार क्वचित पुरुषांनाही होतो.) हाताने तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि सुईने घेतलेल्या तुकड्याची तपासणी यांवरून निदान होते. सुई लावल्याने कर्करोग पसरतो, हा समज निराधार आहे. तसेच निदान लवकर झाले तर पुष्कळदा संपूर्ण स्तन काढावा लागत नाही.

परंतु आपल्या जिल्ह्यात अडचण केवळ अज्ञानाची नाही. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जाते. तेथे पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ समजला जातो, आणि एक खाडा झाला तरी पैसे कापले जातात. कार्तिकात हाताला लागलेली गाठ दाखवायला चैत्र उजाडतो. त्या पाच-सहा महिन्यांत ती काखेपर्यंत पोहोचू शकते. म्हणून गाडीत बसण्यापूर्वीच गावातील आशाताईंशी अथवा उपकेंद्रातील परिचारिकेशी बोलून तपासणी करून घ्यावी, असे आम्हास आग्रहाने सांगावेसे वाटते. दरमहा पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी आरशासमोर स्वतःचे स्तन पाहावेत व चाचपावेत. त्यामुळे निदान आपले शरीर आपल्या ओळखीचे होते.

प्रशिक्षित हातांचे मोल लहान नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या भागांतील स्त्रियांची आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, यंत्राविना तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तपासणी झालेल्या पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा फरक दिसला नाही. मात्र गाठ हाताला लागली असेल, तर वय कितीही असो, ती दाखवावीच.

त्यासाठी बीडचे जिल्हा रुग्णालय व अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. पुढील उपचारांसाठी बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होतो. जाताना शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत ठेवावे, आणि शक्यतो पतीनेही सोबत जावे.