नगरसेवकांची शाळा : मुंबई ते तळा

निवडून आलेल्या सदस्याला गावकारभार शिकवावा लागतो, ही जाणीव स्थानिक स्वराज्याच्या कायद्यांच्या मानाने बरीच उशिरा आली. रायगड जिल्ह्यातल्या पनवेलची नगरपालिका तर १८५२ सालची. लॉर्ड रिपनने मे १८८२मध्ये काढलेल्या ठरावात स्थानिक संस्थांकडे लोकांच्या राजकीय शिक्षणाचे साधन म्हणून पाहिले होते. कारभार करता करता माणूस शिकेल, ही त्यामागची अपेक्षा. शिकवण्याची वेगळी सोय मात्र त्यात नव्हती.

ती सोय १९२६ साली मुंबईत झाली. आज अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था या नावाने ओळखली जाणारी संस्था तेव्हा सुरू झाली आणि चुनीलाल बर्फीवाला यांनी ती पुढे नावारूपाला आणली. अंधेरीत त्यांच्या नावाच्या रस्त्यावरच संस्थेचे स्थानिकराज भवन आहे. संस्थेचा पहिला मोठा विद्यार्थिवर्ग मात्र नगरसेवकांचा नव्हता, नगरपालिकांच्या नोकरवर्गाचा होता. एलएसजीडी ही स्थानिक स्वराज्याची पदविका आणि स्वच्छता निरीक्षकाचा अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या नगरपालिकांच्या कचेऱ्यांत सर्वांच्या परिचयाचे झाले. १९६८ साली केंद्र सरकारच्या साहाय्याने तिथे नागरी प्रश्नांच्या अभ्यासाचे प्रादेशिक केंद्र निघाले आणि अधिकाऱ्यांबरोबर निवडून आलेल्या सदस्यांचीही शिबिरे होऊ लागली. तरी कारकून परीक्षा देऊन आलेला आणि नगरसेवक नुसताच निवडून आलेला, हा फरक राहिलाच. सभागृहात कायद्याचा अर्थ सांगण्याचा मान आपोआप कचेरीकडे गेला.

सदस्याने काय शिकायचे असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण रायगड जिल्ह्यातच, महाडला घडले. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३मध्ये मंजूर केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखा सुधारक नगरपालिकेच्या कारभारात होता. तरीही ठराव दप्तरातच राहिला. तो प्रत्यक्षात आणण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह तळ्यावर जावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. ठराव मंजूर होणे, त्याची अंमलबजावणी होणे आणि तो टिकणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. प्रशिक्षणवर्गात कायद्याची कलमे शिकवण्याआधी महाडच्या या चार वर्षांचा इतिहास शिकवायला हवा.

स्वातंत्र्यानंतर १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. ग्रामीण नेतृत्वाची नवी पिढी त्यांतून आली. १९६३ साली मुंबईत सुरू झालेली शासनाची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९८४मध्ये पुण्याला गेली. तीच आजची यशदा. तिचा मूळ भर अधिकाऱ्यांवर होता. सरपंच, सदस्य आणि नगरसेवक नंतर आले. १९८२ साली स्थापन झालेल्या रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीने मात्र लोकप्रतिनिधींचे प्रशिक्षण हेच आपले मुख्य काम मानले. भाईंदरजवळच्या केशवसृष्टीत तिचे निवासी वर्ग भरतात.

खरी निकड निर्माण केली ती १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्त्यांनी. निवडणुका दर पाच वर्षांनी बंधनकारक झाल्या, एक तृतीयांश जागा महिलांना मिळाल्या आणि २०११ साली महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. घराबाहेरच्या सभेत कधीच न बोललेल्या हजारो स्त्रिया एकदम सदस्य झाल्या. नवऱ्याने कारभार करायचा आणि बाईने सही करायची, ही रीत मोडण्याचे काम सरकारी वर्गांइतकेच महिला राजसत्ता आंदोलनासारख्या चळवळींनी केले. विषयपत्रिका वाचणे, इतिवृत्तात आपला विरोध नोंदवायला लावणे, खर्चाचा हिशेब मागणे हे त्यांनी बायकांना बायकांकडून शिकवले. वर्षानुवर्षांच्या व्याख्यानांपेक्षा ही पद्धत जास्त उपयोगी ठरली आहे.

तळा या साखळीत अगदी अलीकडे आले. रायगड जिल्ह्यातले, तळगडाच्या पायथ्याचे हे गाव माणगाव तालुक्यातून वेगळे निघून तालुक्याचे ठिकाण झाले, पण कारभार ग्रामपंचायतीचाच होता. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे राज्य शासनाने २०१४मध्ये ठरवले आणि माणगाव, म्हसळा, पोलादपूर, खालापूर यांच्याबरोबर तळ्यातही नगरपंचायत आली. सभागृह १७ प्रभागांचे.

या बदलात सदस्यांना बरेच नव्याने शिकावे लागले. ग्रामपंचायतीचा १९५८चा कायदा जाऊन नगरपरिषदांचा १९६५चा कायदा लागू झाला. ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आला. बांधकाम परवानगी, विकास आराखडा, घनकचरा हे विषय सभेपुढे येऊ लागले. बेकायदा ठरावाला जिल्हाधिकारी कलम ३०८खाली स्थगिती देऊ शकतात आणि अनधिकृत बांधकामापायी नगरसेवकाचे पद जाऊ शकते, हे माहीत नसलेल्या सदस्याला त्याची किंमत मोजावी लागते.

गावाचे मोठे नुकसान मात्र ग्रामसभा गेल्याने झाले. वर्षातून किमान चार वेळा भरणाऱ्या ग्रामसभेत कुणीही मतदार उभा राहून सरपंचाला प्रश्न विचारू शकत होता. भावी सदस्य तिथेच घडत होते. नगरपंचायतीच्या सभागृहात नागरिक फार तर प्रेक्षक असतो. शहरांसाठी ग्रामसभेसारख्या क्षेत्रसभांची तरतूद २००९पासून महाराष्ट्राच्या कायद्यात आहे, पण ती बहुतांशी कागदावरच राहिली. मुंबई-पुण्यातले दोन दिवसांचे शिबिर ही उणीव भरून काढू शकत नाही. तळ्याच्या नगरसेवकांनी आपापल्या प्रभागात वर्षातून दोनदा तरी मतदारांची सभा भरवावी, अंदाजपत्रक तिथे वाचून दाखवावे आणि मतदारांनी त्यावर प्रश्न विचारावेत.