एका रंगपेटीची परीक्षा

आमच्या धरमपेठेतल्या घरात, बैठकीच्या खोलीत, दक्षिणेच्या खिडकीसमोर एक चित्र टांगलेले आहे. माझ्या थोरल्या बहिणीने ते १९९० साली, शाळेत असताना काढले. तुळशीवृंदावनापुढे आमची आई उभी आहे, हातात पाण्याचा तांब्या आहे, मागे जुन्या वाड्याची गेरूने रंगवलेली भिंत आहे. चित्रकलेच्या दृष्टीने त्यात दोष पुष्कळ. तांब्या घागरीएवढा झाला आहे आणि तुळस आईच्या खांद्याला लागली आहे. पण आई मात्र आईच आहे. ताई पुढे लग्न होऊन जबलपूरला गेली, वाडा विकला गेला, आणि हे चित्र आमच्याबरोबर नव्या घरात आले.

चित्रात आईच्या अंगावर लाल पातळ होते. होते असे म्हणतो, कारण आज ते पांढरे आहे. भिंतीचा गेरू जसाच्या तसा, तुळशीचा हिरवा जरा निळसर पडलेला. पातळाचा लाल मात्र गेला तो गेलाच. वर्षानुवर्षे कणाकणाने गेला म्हणून आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातही आले नाही. ते ध्यानात आले गेल्या दिवाळीत. फराळाला आलेल्या एका बाईंनी चित्राकडे पाहून सहज विचारले, "आजींचं हे चित्र आजोबा गेल्यानंतरचं का?"

आमचे बाबा २०११ साली गेले. त्यानंतरही आईने पांढरे नेसले नाही. ताईने नेसू दिले नाही. आईने चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "नाही हो. चित्राला आधीच कळलं होतं."

बाई ओशाळल्या. बाकीचे हसले, मीही हसलो. आमची कन्या तेवढी हसली नाही. रात्री ती माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, आत्यानं लाल रंग लावला होता ना? मग तो गेला कुठे?"

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. रंग चढतो, मैफल रंगात येते, रंगाचा बेरंग होतो, चेहऱ्याचा रंग उडतो, या सगळ्यावर मी वर्गात तासभर बोलू शकतो. पण कागदावरचा रंग उडतो म्हणजे नेमके काय होते, हे सत्तेचाळीस वर्षांत मला कोणी विचारले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

"मी आजीचं चित्र पुन्हा काढणार," कन्येने जाहीर केले. "पुढच्या दिवाळीला. पण न उडणारे रंग आणून द्या."

तिला नवी पेटी हवीच होती. आदल्या वर्षी ती एलिमेंटरीला बसली होती. या परीक्षेची आणि तिच्या थोरल्या बहिणीची, इंटरमिजिएटची, ओळख महाराष्ट्रातल्या पालकांना करून द्यायला नको. राज्याचे कला संचालनालय त्या घेते. स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे विषय असतात. आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीचे काही गुण दहावीला मिळतात म्हणून एरवी कागद वाया घालवू नकोस म्हणणाऱ्या आईबापांना एकाएकी कलेचा पुळका येतो. कन्येला एलिमेंटरीत 'सी' श्रेणी मिळाली होती. "माझा हातच वाईट आहे," असे म्हणून तिने ते प्रमाणपत्र कपाटात तळाशी घातले होते.

एप्रिलमध्ये शाळेची परीक्षा आटोपल्यावर आम्ही दोघे सीताबर्डीवर गेलो. दुकानदाराने मांडीएवढा ढीग पुढे टाकला. वड्यांच्या पेट्या, नळ्यांच्या पेट्या, पोस्टर कलरच्या बाटल्या.

"सर, पोरीसाठी घेऊन राहिले काय? मग हे न्या, चोवीस रंग आहेत."

"टिकतील का?"

"टिकतील म्हणजे? वर्षभर पुरतील ना!"

टिकणे आणि पुरणे यांतला फरक मी त्याला समजावणार होतो, पण मागे गर्दी होती. दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या, विद्यार्थ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बारा-बारा नळ्यांच्या पेट्या घेऊन आम्ही परतलो. "परीक्षा एक आणि पेट्या दोन?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. मी म्हटले, "परीक्षा पेट्यांचीच आहे."

आमच्या गल्लीत चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांनी पेट्या पाहिल्या, नळ्या उलट्या करून चष्म्याजवळ नेल्या आणि आम्हाला बसवून घेतले.

जलरंग म्हणजे मुळात अगदी साधी वस्तू आहे. रंगाची बारीक पूड, ती कागदाला धरून ठेवायला डिंक, आणि तो डिंक तडकू नये म्हणून थोडे ग्लिसरीन किंवा मध. डिंक बाभळीच्याच कुळातल्या झाडाचा. "म्हणजे डिंकाचे लाडूच," कन्या म्हणाली, आणि मास्तरांना ही व्याख्या फार आवडली. लाडवात सुकामेवा किती आणि कणीक किती यावर जशी सुगरणीची पारख, तशी रंगात पूड किती आणि भर किती यावर कंपनीची. विद्यार्थ्यांच्या रंगांत पूड कमी असते, खडूसारखी पांढरी भर जास्त असते, आणि महागड्या पुडीच्या जागी तिच्यासारखी दिसणारी स्वस्त पूड असते. यात लबाडी नाही. शिकणाऱ्या मुलाने भीत भीत रंगवू नये, हाताला येईल तेवढे पाणी आणि रंग उधळावे, यासाठीच ते स्वस्त केलेले असतात.

आपल्याकडे ही सोय कोणी केली हेही सांगण्यासारखे आहे. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. तीच पुढे कॅमलिन झाली. सुभाष दांडेकरांच्या काळात रंगांचा व्याप वाढला आणि उंटाचे चित्र असलेली पेटी घरोघर गेली. २०११ साली कंपनीचा मोठा हिस्सा जपानच्या कोकुयोकडे गेला, २०२४ साली सुभाष दांडेकर वारले. पण दप्तरातला उंट अजून आहे. त्याआधी चांगले रंग म्हणजे बोटीने येणारे विलायती रंग. त्यांच्या किमती ऐकूनच मुलांनी पाटीवर समाधान मानायचे!

मास्तरांनी परीक्षेचे वेळापत्रक आखून दिले. आमच्या दोन नव्या पेट्या, कन्येची एलिमेंटरीची जुनी वड्यांची पेटी, आणि तुलनेला म्हणून त्यांच्या स्वतःच्या, चित्रकारांसाठी असलेल्या सहा नळ्या.

पहिला पेपर सोपा. जाड कागदावर पक्क्या काळ्या शाईची रेघ ओढायची आणि ती वाळली की तिच्यावरून प्रत्येक रंगाचा पट्टा न्यायचा. खालची रेघ स्वच्छ दिसली तर रंग पारदर्शक, झाकली गेली तर भर जास्त. जलरंगात उजेड हा कोऱ्या कागदाचा असतो. वरचा रंग त्याला वाट देत नसेल तर चित्र मातीचे होते. पट्टा वाळल्यावर बोट फिरवायचे. जुन्या पेटीच्या प्रत्येक पट्ट्यावरून बोटाला भुकटी लागली.

दुसरा पेपर मिश्रणाचा, आणि माझी फजिती झाली ती इथे. पिवळा आणि निळा मिळून हिरवा होतो हे आपण बालवर्गापासून घोकतो. दोन्ही नव्या पेट्यांतून तो झाला. एकीतून पोपटी, दुसरीतून जरा गडद. जुन्या पेटीतून मात्र पावसाळ्यातल्या नाल्याचा रंग निघाला. कन्येने तीनदा करून पाहिला. पाणी बदलले, कुंचला धुतला. चौथ्यांदा मास्तरांनी स्वतः केला, तरी तोच.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "माझा हात वाईट नव्हता?"

ती पेटी मी घेतली होती. फुटपाथवरून, सर्वांत स्वस्त म्हणून. मुलीच्या खेळाला कशाला महाग हवे, असे तेव्हा मी घरात बोललोही होतो. त्याच आठवड्यात मी माझ्यासाठी शब्दकोशाचे दोन जाडजूड खंड आणले होते. मास्तर खिडकीबाहेर पाहत राहिले. मी पोरीला म्हटले, "नव्हता." याहून जास्त बोलणे मला सुचले नाही.

एकदा मात्र दोष रंगाचा नव्हता. मे महिन्यातली दुपार, पारा पंचेचाळीसच्या घरात. आकाशाचा सपाट हात द्यायचा होता. कुंचला कागदाच्या मध्यावर येईपर्यंत वरचे आकाश वाळून त्याला कडा पडली. दोन्ही नव्या पेट्या नापास, असे मी लिहूनही टाकले. मास्तरांनी ते खोडले. "सर, नागपूरच्या हवेला कशाला रंगाच्या नावावर नापास करता?" दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटे सहाला, वाळ्याचा कूलर सुरू ठेवून तेच आकाश रंगवले आणि ते तळापर्यंत सुरेख उतरले. शिवाय कागद बदलला. वहीतल्या पातळ कागदाऐवजी तीनशे ग्रॅमचा जाड कागद. स्वस्त रंग चांगल्या कागदावर जेवढे सुधारतात, तेवढे चांगले रंग स्वस्त कागदावर सुधारत नाहीत. मला पुन्हा कधी काटकसर करायची झाली तर मी बारा रंगांऐवजी सहा घेईन आणि उरलेले पैसे कागदाला देईन.

खरा पेपर होता उन्हाचा. अक्षय तृतीयेला आम्ही सर्व रंगांचे पातळ पट्टे काढले, कागदाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला आणि तो दक्षिणेच्या खिडकीत लावला. पोळ्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही, असे ठरले. आमच्याकडे हे ठरवायला सोपे आणि पाळायला कठीण. कन्या रोज काळ्या कागदाची कडा उचलून पाही. आई दुपारी वाती वळत त्या खिडकीजवळ बसे. तीही पाही, असा मला संशय आहे.

रंग उडतो म्हणजे काय, ते याच सुमारास कळले. गेरू, पिवळी माती हे रंग जमिनीतले, लोखंडाचे. त्यांचे जे व्हायचे ते लाखो वर्षांपूर्वीच होऊन गेलेले. अजिंठ्याच्या भिंतींवर ते म्हणूनच आहेत. पण कित्येक गोड लाल आणि गुलाबी रंगांचे रेणू उन्हाच्या माऱ्याने तुटतात, आणि तुटलेल्या रेणूला रंग नसतो. मंजिष्ठाच्या मुळीतला लाल, म्हणजे अलिझरिन, १८६८ साली जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाला आणि जगभर पसरला. तो देखणा, पण पातळ थरात उन्हाला भितो. त्याच्या जागी घेता येईल असा टिकाऊ क्विनाक्रिडोन बाजारात आला १९५८ साली. ही नावे पेटीवर नसतात. चांगल्या नळीच्या पाठीवर बारीक अक्षरांत खूण असते: पी.आर. ८३ म्हणजे अलिझरिन, पी.व्ही. १९ म्हणजे क्विनाक्रिडोन. पुढचे 'क्रिमसन' हे नाव नुसते वाचू नये. आपल्याकडे नाव सोनुबाई असते, तसलाच हा प्रकार.

नवतपा संपता संपता जुन्या पेटीचा गुलाबी गेला. पोळ्याला आम्ही काळा कागद काढला. पहिल्या नव्या पेटीचा लाल निम्मा उतरला होता. दुसरीचा लाल टिकला होता, तिचा जांभळा मात्र फिका पडला होता. निळे बहुतेक सगळे शाबूत. आणि मास्तरांच्या सहा नळ्यांपैकी पाच जशाच्या तशा. सहावा, त्यांचा आवडता क्रिमसन, झाकलेल्या बाजूला तेजस्वी आणि उघड्या बाजूला आजारी. नळीच्या पाठीवर पी.आर. ८३ होते.

मास्तर बराच वेळ कागद हातात धरून उभे होते. "चाळीस वर्षं हाच वापरला," ते म्हणाले. "लोकांच्या लग्नात चित्रं भेट दिली, सर. नवरीचे शालू सगळे याच लालाचे." मग स्वतःच हसले आणि म्हणाले, "आता कोणाकडे जाऊन बघायची हिंमत होत नाही बापा."

त्यांची समजूत काढायला मी सावळाराम हळदणकरांची आठवण काढली. हातात निरांजन घेतलेल्या तरुणीचे त्यांचे १९४५-४६चे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळजण ते रविवर्म्याचे समजत आले. चित्रातली मुलगी हळदणकरांची स्वतःची कन्या गीता, आणि चित्र जलरंगातले. निरांजनाचा उजेड बोटांतून लालसर झिरपतो आहे. मास्तर म्हणाले, "त्यांनी कुठला लाल घेतला असेल?" आणि दोघेही त्या विचारात चहा थंड करून बसलो.

शेवटी दुसरी पेटी पास झाली. तिच्यातला जांभळा आम्ही बाद केला. तो निळ्या-लालातून करता येतो. वर पी.व्ही. १९ची एक सुटी नळी घेतली. ती एकटीच निम्म्या पेटीच्या किमतीची होती, पण या वेळी मी काही बोललो नाही. इंटरमिजिएटची तयारी कन्येने त्याच पेटीवर केली.

चित्राला बसताना आईने ट्रंकेतून खरेच लाल पातळ काढले. उभे राहायला तिने साफ नकार दिला. "तेव्हा पस्तीस वर्षांनी तरुण होते. आता मला तुळशीपाशी बसवा, गुडघे दुखतात." चार रविवार ती बसली. पातळाचा लाल तीन थरांत चढवला गेला, प्रत्येक थर वाळेपर्यंत आजी-नातीच्या गप्पा. नवे चित्र आम्ही खिडकीच्या आडबाजूच्या भिंतीवर, काचेत लावले. ताईचे जुने चित्र आईने काढू दिले नाही. तेही आता शेजारीच आहे.

वसुबारसेच्या संध्याकाळी मी आईला हात धरून दोन्ही चित्रांपुढे नेले. तिने चष्मा पुसला, नवे चित्र वरपासून खालपर्यंत पाहिले, पातळावर नजर थोडा वेळ ठेवली.

"लाल छान झाला आहे," ती म्हणाली. "पण तांब्या एवढासाच? तुझ्या आत्यानं चांगला मोठा काढला होता."