बी सेलमधला ‘बी’ कोंबडीचा!

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास विचारला जाणारा प्रश्न: बी सेलमधला ‘बी’ म्हणजे काय? बरेच जण बेधडक ‘बोन मॅरो’ म्हणून मोकळे होतात. या पेशी आपल्या अस्थिमज्जेत तयार होतात हे खरंच आहे, पण नाव तिथून आलेलं नाही. ते आलंय कोंबडीच्या शेपटाखालच्या एका पिशवीवरून, ‘बर्सा ऑफ फॅब्रिसियस’वरून.

ही गोष्ट सांगण्याचं कारण वेगळं आहे. रक्ताचा स्मिअर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल, इओसिनोफिल चटकन ओळखू येतात. लिम्फोसाइट मात्र सगळ्या सारख्याच: गोल गडद केंद्रक आणि भोवती पेशीद्रवाची बारीकशी कड. यातल्या काही अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींचा वंश चालवतात आणि काही विषाणू शिरलेल्या पेशींना मारतात, हे नुसतं बघून कसं कळणार? नाहीच कळत. त्यासाठी काहीतरी काढून टाकून काय बिघडतं ते बघावं लागलं.

१९५० च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक हा तुमच्या-माझ्यासारखाच संशोधक विद्यार्थी. बर्सा करते काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याने पिल्लांच्या बर्सा काढल्या. विशेष काही दिसलं नाही. मग टिमोथी चँग या दुसऱ्या विद्यार्थ्याला अँटीबॉडीचं प्रात्यक्षिक दाखवायला कोंबड्या हव्या होत्या. त्याने ग्लिकच्याच उचलल्या, साल्मोनेलाचं अँटिजेन टोचलं, आणि प्रात्यक्षिक फसलं! बऱ्याच कोंबड्यांत अँटीबॉडीच नाहीत. आपण काय केलं असतं? ‘रिएजंट खराब असेल’ म्हणून दुसऱ्या कोंबड्या आणल्या असत्या. या दोघांनी आधी तपासलं की नेमक्या कुठल्या कोंबड्या फसल्या. त्या बर्सा काढलेल्या निघाल्या. मग रीतसर कंट्रोल घेऊन प्रयोग पुन्हा केला.

पेपर ‘सायन्स’ने नाकारला. १९५६ मध्ये तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये आला, आणि इम्युनॉलॉजीवाले कशाला कुक्कुटपालनाचं जर्नल वाचतील?

इकडे १९६१ मध्ये लंडनला जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांचा थायमस काढला. लिम्फोसाइट घटल्या, परकी त्वचा लावली तरी शरीर ती नाकारेना. प्रौढ उंदराचा थायमस काढला तर फारसं बिघडत नाही, म्हणून तो निरुपयोगी समजला जात होता. बर्साचंही तसंच. उशिरा काढली तर पेशी आधीच बाहेर पडून शरीरभर पसरलेल्या असतात. प्रयोग कधी करतो यावर उत्तर ठरतं, हे वहीत लिहून ठेवा.

मिनेसोटात मॅक्स कूपर यांनी हीच पळवाट बंद केली. पिल्लांची बर्सा किंवा थायमस काढून वर किरणोत्सारही दिला, म्हणजे आधीच बाहेर पडलेल्या पेशी मरतील. १९६५ चा निकाल स्वच्छ होता. बर्सा नसलेल्यांत अँटीबॉडी नाहीत, प्लाझ्मा सेल नाहीत. थायमस नसलेल्यांत लिम्फोसाइट कमी आणि परक्या त्वचेला विरोध मंद. म्हणजे दिसायला एक, पण वंश दोन. थायमसवरून ‘टी’, बर्सावरून ‘बी’. सस्तन प्राण्यांत बर्सा नसतेच, तिथे ते काम मुख्यतः अस्थिमज्जा करते. आद्याक्षर जुळलं हा निव्वळ योगायोग.

माणसातही हे दिसतं. १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रूटन यांनी वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या एका मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिनच नसल्याचं नोंदवलं होतं. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजारात बी सेल परिपक्व होत नाहीत, टी सेल मात्र असतात. नुसत्या सीबीसी रिपोर्टवर हे कदाचित लक्षातही येणार नाही, कारण रक्तातल्या बहुतेक लिम्फोसाइट टी सेलच असतात.

आज आपण सीडी३ आणि सीडी१९ ची अँटीबॉडी टाकून फ्लो सायटोमीटरवर दोन्ही वेगळ्या करतो. पण पहिल्यांदा मशीनवर बसाल तेव्हा रंग लावायच्या आधीचा, नुसत्या आकाराचा प्लॉट बघा. टी आणि बी तिथे अजूनही एकाच ढगात बसलेल्या दिसतील.