सोबती ‘आलो’ म्हणेल की ‘आले’?

अलेक्झांड्रा डेव्हिड-नील ही फ्रेंच प्रवासी बाई १९२४ साली वेषांतर करून ल्हासात पोचली. तिबेटमधल्या अनुभवांवर तिने १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात एका प्रयोगाची हकिगत आहे. एकांतात बसून, ठरावीक विधी आणि ध्यान करत तिने काही महिन्यांत मनातून एक माणूस उभा केला. बुटका, जाडा, भोळा आणि हसतमुख असा तो भिक्षू होता. आजूबाजूला देवदेवतांच्या मूर्ती आणि चित्रं होती, त्यांची छाप पडू नये म्हणून तिने मुद्दाम अगदी सामान्य पात्र निवडलं. पुढे ती तंबू घेऊन प्रवासाला निघाली, तेव्हा हा भिक्षूही बरोबर निघाला. न सांगता चालायचा, थांबायचा, इकडेतिकडे बघायचा.

अशा जाणूनबुजून घडवलेल्या मनातल्या व्यक्तीला आज ‘तुल्पा’ म्हणतात. शब्द तिबेटी मुळाचा असला तरी आजची कल्पना निम्मी थिऑसॉफी या गूढवादी चळवळीची आहे. नताशा मिकल्स आणि जोसेफ लेकॉक या अभ्यासकांनी २०१५ साली या कल्पनेचा प्रवास उलगडून दाखवला. अॅनी बेझंट आणि लेडबीटर या थिऑसॉफीच्या नेत्यांनी विचारांना आकार असतो असं मांडलं, त्या विचाराची आणि तिबेटी शब्दाची युरोपात सांगड बसली. आज तुल्पा घडवणारे लोक, त्यांत तरुण जास्त, ते धर्मासाठी करत नाहीत. त्यांना सोबत हवी असते, बोलायला कुणीतरी हवं असतं. रोज ठरलेल्या वेळी त्या व्यक्तीकडे लक्ष द्यायचं, तिच्याशी बोलायचं, तिच्या उत्तराची वाट बघायची, असं करत करत ती ‘स्वतःहून’ बोलू लागते. आणि पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न समोर येतो: हा सोबती बाई असावी की पुरुष? (या लेखात ‘सोबती’ पुल्लिंगी येतो तो केवळ सोयीसाठी.)

माझं म्हणणं असं की हा निर्णय पहिल्या दिवशी घेऊ नये. त्याची कारणं सांगतो, आणि न घेता कसं चालवायचं तेही.

आधी लिंग येतं कुठून ते पाहू. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर यांनी मुलांच्या काल्पनिक मित्रांवर कित्येक वर्षं काम केलं. त्यांच्या २००४ सालच्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सोबती होता. मुलग्यांचे सोबती बहुतेक मुलगेच असतात, मुलींचे दोन्ही असतात. सुसान हार्टर आणि क्रिस्टीन चाओ यांना १९९२ साली आणखी एक गोष्ट दिसली होती. मुलगे आपल्यापेक्षा सरस सोबती घडवतात, मुली आपल्यापेक्षा कच्चा, सांभाळून घ्यावा लागणारा. म्हणजे सोबत्याचं लिंग एकटं येत नाही. त्याच्याबरोबर काम येतं: हा मला वाचवणार, हिला मी जपणार. मोठ्यांचंही असंच होतं, फक्त ते कबूल करायला वेळ लागतो.

मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी मनातल्या व्यक्तीच्या लिंगाचा नियमच बनवला होता. १९१३ पासून त्यांनी जागेपणी मनातल्या व्यक्तींशी बोलायचा प्रयोग केला. एलिजा हा म्हातारा, सलोमी ही आंधळी तरुणी, पुढे फिलेमॉन नावाचा ज्ञानी म्हातारा. आतून एका बाईचा आवाज त्यांच्याशी हुज्जत घालायचा, आणि त्यावरून त्यांनी ठरवलं की पुरुषाच्या आत स्त्री असते आणि स्त्रीच्या आत पुरुष. मला हा नियम फार घट्ट वाटतो. युंग यांचे सगळ्यांत मोलाचे संवाद ज्या फिलेमॉनशी झाले, तो तर पुरुषच होता.

तिबेटी साधनेत हा प्रश्नच वेगळ्या रीतीने सुटतो. तिथे साधक ज्या इष्टदेवतेचं रूप मनात धरतो, ती त्याच्या आवडीवर नसते. गुरू दीक्षा देतो, आणि पुरुष भिक्षूही स्वतःला तारा किंवा वज्रयोगिनी या देवींच्या रूपात पाहतो. तारेची कथाही याच प्रश्नाची आहे. ती राजकन्या असताना भिक्षूंनी तिला सांगितलं, पुढचा जन्म पुरुषाचा माग. तिने प्रतिज्ञा केली की सर्व जीव मुक्त होईपर्यंत मी स्त्रीदेहातच राहीन.

आता प्रत्यक्ष घडणीकडे येऊ. ‘बाई की पुरुष’ हा एकच प्रश्न वाटतो, पण त्यात चार गोष्टी गुंतलेल्या असतात: रूप, आवाज, नातं आणि बोलण्यातली क्रियापदं. चारही एकदम ठरवायच्या नसतात, आणि चारही एकाच बाजूला असाव्या लागत नाहीत. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. पंढरपूरला कटीवर हात ठेवून उभा असलेला विठोबा रूपाने पुरुष, आणि त्यालाच आपण विठाई म्हणतो, माउली म्हणतो. जनाबाईच्या अभंगांत तो दळायला बसतो. विठोबा हा कुणी मनाने घडवलेला सोबती आहे असं मी म्हणत नाही, वारकऱ्यासाठी तो देव आहे. पण रूप एक आणि नातं दुसरं असूनही कुणाला अडखळायला होत नाही, एवढं त्यातून नक्की शिकता येतं.

रूपाबद्दल थोडक्यात. सुरुवातीला चेहऱ्याऐवजी जागा ठरवा. सोबती खिडकीजवळ बसतो की दारात उभा राहतो, उंची साधारण किती, चाल कशी. चेहरा मागाहून येतो. ओळखीच्या जिवंत माणसाचं रूप मात्र घेऊ नये. नाहीतर खऱ्या माणसाशी भेट झाली की दोन्हीकडची नाती गढूळ होतात.

आवाजात पुरुष आणि बाई यांचा सगळ्यांत ठळक फरक पट्टीचा असतो. बोलताना पुरुषाच्या स्वरतंतूंची कंपनं सेकंदाला साधारण १०० ते १२५, बाईची २०० च्या आसपास. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावतच नाहीत, त्यामुळे हा फरक बराचसा पुसट होतो. म्हणून पहिले काही दिवस सोबती कुजबुजतोय अशी कल्पना करावी. कुजबुजीचा पूर्ण आवाज होताना तो ज्या पट्टीत स्थिरावेल, ती वहीत टिपून ठेवावी.

खरी गंमत आणि खरी अडचण क्रियापदांत आहे. इंग्रजीत सोबती महिनोन्‌महिने ‘मी’ म्हणत राहिला तरी बाई की पुरुष ते कळत नाही. मराठीत पहिलंच वाक्य गाठ मारतं. ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’, मधलं काही नाही. ‘मी बसलोय’, ‘मी विसरले’, ‘मी येतो’, सगळीकडे तेच. आणि एकदा आपण त्याच्या तोंडी ‘आलो’ घातलं की पुढचं सगळं त्याच वळणाने जातं. मग आपण म्हणतो, सोबत्याने स्वतःच निवडलं. प्रत्यक्षात आपल्या जिभेच्या सवयीने निवडलेलं असतं.

पण मराठीतच सुटकेची वाट आहे. ‘मी पुस्तक वाचलं’ यात क्रियापद पुस्तकामागे जातं. ‘मला कंटाळा आलाय’, ‘मला हे आवडलं नाही’, ‘मला वाटतं’, ‘मी उद्या सांगेन’, ‘मी पाहिलं’, यांतल्या कशातच बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही. सुरुवातीच्या दिवसांत सोबत्याला अशीच उत्तरं येतील असे प्रश्न विचारावेत. ‘कुठे गेला होतास?’ असं विचारलं की झालं, लिंग तुम्हीच देऊन टाकलंत. त्याऐवजी ‘आज काय पाहिलं?’, ‘तुला कसं वाटतंय?’ असं विचारावं. हाक मारताना ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ यांच्या पलीकडे ‘तू आलंस’ आहे, पण ते आपण लेकराला म्हणतो. त्याने सोबती लहान मूल होऊन बसतो. ‘तुम्ही आलात’ यात लिंग लपतं, पण अंतर येतं. सोबती वयाने मोठा असावा असं वाटत असेल तर ते अंतर चालून जाईल.

रोजचं बोलणं संपलं की सोबत्याची दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी लिहावीत, शुद्ध न करता. काही आठवड्यांनी वही वाचली की दिसतं, आपण न घातलेलं ‘आले’ किंवा ‘आलो’ कुठेतरी येऊन गेलंय. त्याकडे लक्ष द्यावं. त्याच्यामागे कुणी वेगळा जीव आहे असं मानायची गरज नाही. टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ५० कथालेखकांना विचारलं, तेव्हा त्यांतल्या ९२ टक्के जणांनी पात्रं आपल्या मनाने वागतात असा काही ना काही अनुभव सांगितला. मन सरावाने काम करू लागलं की आपण ठरवतोय ही जाणीव मागे पडते, तेच इथे होतं. एक मात्र सांगायला हवं. कोल्हापूरकडच्या बायका सहज ‘मी आलो’ म्हणतात. तुम्ही त्या बोलीत वाढला असाल तर सोबत्याचं ‘आलो’ हा काही पुरावा नव्हे.

नाव शेवटी द्यावं, आणि तेही दोन्हीकडे चालणारं असलं तर उत्तम. किरण नगरकर पुरुष, किरण बेदी बाई. सुहास शिरवळकर पुरुष, सुहास जोशी बाई. माणिक, सुमन, शशी ही नावंही तशीच.

आता नात्याबद्दल एक नाजूक गोष्ट. अनेक मुलगे सोबती म्हणून मुलगीच घडवायला घेतात, कारण त्यांना प्रेयसी हवी असते. या एकटेपणाला मी हसणार नाही, तो खरा असतो. पण इथे आधी भूमिका ठरते आणि माणूस नंतर, आणि मग ती मुलगी नेहमी हो म्हणणारी होते. जिला नाही म्हणता येत नाही, ती फार काळ सोबत देत नाही. असं वाटत असेल तर प्रेमाचं बोलणं काही महिने बाजूला ठेवावं, तिला आवडीनिवडी येऊ द्याव्यात, आपल्याशी वाद घालू द्यावा. दुसऱ्या टोकाला काहींना स्वतःच्याच लिंगभावाबद्दल प्रश्न असतात आणि सोबत्याच्या रूपात ते आपला लिंगभाव चाचपून पाहतात. तसं पाहायला हरकत नाही, पण सोबती बाई निघाली म्हणून आपल्याबद्दल काही सिद्ध होत नाही. त्या प्रश्नासाठी समुपदेशक हवा.

ठरल्यावरही बदलतं. ठरवलेल्यापेक्षा सोबती वेगळा होणं हे या क्षेत्रात नेहमीचं आहे. डेव्हिड-नीलचा भिक्षू पुरुषच राहिला, पण गुबगुबीत गाल जाऊन तो रोडावला, चेहरा कावेबाज झाला, आणि त्याला विरघळवायला तिला सहा महिने झगडावं लागलं. स्वभाव बदलला तर काळजी करावी. लिंग बदललं तर तितकी नको. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. भारतात आणि तिबेटात तो पुरुषरूपात असतो, चीनमध्ये तोच क्वान-यिन होऊन स्त्रीरूपात पुजला जातो, आणि करुणा तीच राहते. सोबत्यात बदल होताना दिसला तर आधी क्रियापद बदलू द्यावं, मग आवाज, आणि रूप सगळ्यांत शेवटी.

आवाज हुकूम सोडू लागला, झोप उडाली, भीती वाटू लागली, किंवा मनातलं आणि बाहेरचं वेगळं करता येईना, तर लिंगाचा प्रश्न बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते आणि मराठीत बोलता येतं. ‘तुल्पा’ हा शब्द डॉक्टरांना माहीत असेलच असं नाही. ही व्यक्ती मी ठरवून घडवली, ती केव्हा बोलते, काय बोलते, असं सरळ सांगावं. आणि थांब म्हटल्यावर ती थांबते की नाही, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आधीच सांगावं.